मिसळणे फुकट, निवडणे महाग!

एक अगदी सोपा प्रयोग करून पाहा. साहित्य थोडेच लागते : एक वाटी तांदूळ, एक वाटी मूग, एक ताट आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ. दोन्ही वाट्या ताटात ओता आणि हाताने कालवा. किती वेळ लागला? फार तर पाच सेकंद. आता तांदूळ एका वाटीत आणि मूग दुसऱ्या वाटीत पुन्हा भरा. अर्धा तास गेला तरी ताट रिकामे होणार नाही! आता अशी कल्पना करा, की त्या मिश्रणावर कोणी पळीभर आमटी ओतली आहे. (प्रत्यक्षात ओतू नका; धान्य निवडून घरात परत द्यायचे आहे!) मग निवडायचे कामच संपले. दोन वाट्या धान्य उकिरड्यावर.

या प्रयोगात एकही दाणा नाहीसा झाला नाही. वजन होते तेवढेच राहिले. तरीही धान्याची किंमत मात्र शून्यावर आली. असे का झाले? केवळ मिसळल्यामुळे. वस्तू आपोआप मिसळतात, पण आपोआप वेगळ्या होत नाहीत; वेगळे करायचे तर श्रम किंवा ऊर्जा खर्चावी लागते. ऊष्मागतिकीचा दुसरा नियम म्हणून तुम्ही पुढे जे शिकाल, त्याचेच हे घरगुती रूप आहे. माझे म्हणणे असे आहे, की कचऱ्याचा आणि सांडपाण्याचा फेरवापर परवडतो की नाही, हा प्रश्न मुख्यतः या एका नियमाचा आहे. महागडी यंत्रे नंतर येतात. आधी पाहायचे ते हे, की आपण काय काय एकत्र होऊ दिले!

डब्यात पडण्यापूर्वीची किंमत

अॅल्युमिनियमचे उदाहरण घ्या. एक टन अॅल्युमिनियम मिळवायला चार ते पाच टन बॉक्साइट खणावे लागते. त्यापासून आधी अॅल्युमिना तयार करतात आणि मग त्यातून वीज सोडून धातू वेगळा करतात. या शेवटच्या पायरीलाच टनामागे सुमारे १४,००० युनिट वीज लागते. ही वीज कशासाठी? अॅल्युमिनियम आणि प्राणवायू यांची घट्ट जोडी फोडण्यासाठी. एकदा ती फुटली, की धातू आपल्या हाती शुद्ध रूपात येतो. जुने भांडे किंवा डबा वितळवून पुन्हा धातू करायला मूळ ऊर्जेच्या सुमारे पाच टक्केच ऊर्जा पुरते. म्हणजे ९५ टक्के बचत! भंगारवाला अॅल्युमिनियमला लोखंडापेक्षा चांगला भाव देतो, त्यात त्याचे औदार्य काही नाही. त्या धातूत आधीच ओतलेल्या विजेची ती किंमत आहे.

कागदाचेही तसेच. कागद म्हणजे वनस्पतीचे तंतू. रद्दीपासून पुन्हा कागद करताना हे तंतू दर वेळी थोडे आखूड होतात, तरी पाच-सहा वेळा ते कामाला येतात. पण हाच कागद उष्ट्या भाताखाली रात्रभर दबला, तर तो भिजतो, तेलकट होतो, कुजू लागतो. सकाळी त्याला रद्दीवाला हात लावीत नाही. काचेचे तुकडे वितळवून नवी काच कितीही वेळा करता येते. पण त्याच काचा ओल्या कचऱ्यात गेल्या, तर काच वाया जाते आणि त्या कचऱ्याचे खतही वाया जाते. ज्या खतात काचा आणि विजेरीतले विषारी धातू आहेत, ते कोणता शेतकरी आपल्या वावरात टाकील?

प्लॅस्टिकची गोष्ट तर फारच बोलकी आहे. पाण्याच्या बाटल्या ज्याच्या करतात, ते पीईटी आणि नळ्या ज्याच्या करतात, ते पीव्हीसी. ही दोन्ही दिसायला सारखी असू शकतात. त्यांची घनताही जवळजवळ सारखीच असल्यामुळे पाण्यात टाकून एक तरंगेल व दुसरे बुडेल, अशी युक्ती येथे चालत नाही. पीईटी वितळवताना त्यात थोडेसे पीव्हीसी आले, तरी त्यातून आम्ल सुटते आणि सगळा घाणा बिघडतो. आणि शाम्पूची किंवा वेफर्सची पुडी पाहा. तिच्यात वेगवेगळ्या प्लॅस्टिकचे आणि बहुधा धातूचेही पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात. येथे तर कारखान्यानेच सर्व काही आधी मिसळून ठेवले आहे! अशी पुडी कोणीही निवडू शकत नाही. म्हणून निवडण्याची सगळी जबाबदारी घरातल्या बाईवर आणि मुलांवर टाकून कारखानदाराला मोकळे सोडणे मला न्यायाचे वाटत नाही. जो वस्तू बनवतो, त्याने ती पुढे सुटी कशी होईल याचाही विचार केलाच पाहिजे.

हे पैसे कोण भरतो?

“वेगवेगळे डबे, वेगवेगळ्या गाड्या, एवढा खर्च शहराला परवडत नाही,” असे पुष्कळ लोक म्हणतात. सगळे एकत्र भरून गावाबाहेर ओतणे त्यांना स्वस्त वाटते. पण ते स्वस्त आहे, असे हिशेबाच्या कोणत्या वहीवरून ठरले?

पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे शहराबाहेर उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या हद्दीत टाकला गेला. ढिगातून पावसाचे पाणी झिरपले, की काळपट, विषारी रस जमिनीत उतरतो. तेथील विहिरींचे पाणी खराब झाले, दुर्गंधीने लोक त्रस्त झाले आणि गावकऱ्यांनी अनेकदा कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. मुंबईत देवनारच्या कचराभूमीवर १९२७ सालापासून कचरा पडत आला. ओला कचरा ढिगाच्या पोटात हवेविना कुजतो, तेव्हा मिथेन वायू तयार होतो. हा वायू जळतो. आणि न जळता हवेत गेला तर शंभर वर्षांच्या काळात तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवून धरतो. २०१६ च्या जानेवारीत देवनारला लागलेली आग काही दिवस धुमसत होती आणि तिचा धूर मुंबईवर पसरला होता. नासलेली विहीर, धुराने आलेला खोकला, दवाखान्याचे बिल, हे सारे खर्चच आहेत. फरक एवढाच, की ते महापालिकेच्या वहीत न लिहिता दुसऱ्या कोणाच्या तरी घरात लिहिले जातात. दुसऱ्याच्या खिशातून भरलेला खर्च तो खर्चच नव्हे, असे गणित तुमच्या शाळेत तरी शिकवीत नसतील!

आणखी एक खर्च आहे, तो कोणी मोजतच नाही. आपण मिसळलेले निवडते कोण? उकिरड्यावर वाकून, काचा-सुया टाळीत हाताने निवडणाऱ्या कचरावेचक स्त्रिया. पुण्यात १९९३ साली त्यांनी ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी केली. पुढे २००८ मध्ये त्यांचीच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. यात शास्त्राच्या दृष्टीने काय बदलले? निवडण्याची जागा बदलली! उकिरड्याऐवजी दारातच, आमटी सांडण्यापूर्वीच, कागद आणि बाटली हाती आली. त्याच बाईला त्याच श्रमांत अधिक आणि चांगला माल मिळू लागला. देशाच्या २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग घरातच करण्यास सांगितले, त्यामागेही हेच तत्त्व होते. नियम कागदावर आला. घराघरांतल्या डब्यांपर्यंत पोचायला त्याला फार उशीर लागतो आहे.

पाण्यालाही तोच नियम

आता पाण्याकडे वळू. मोरीतून आणि संडासातून वाहून गेलेले पाणी इतके घाण दिसते, की त्यात पाण्यापेक्षा घाणच जास्त असावी असे वाटते. प्रत्यक्षात शहरी सांडपाण्यात सुमारे ९९.९ टक्के पाणीच असते! लिटरभर समुद्राच्या पाण्यात ३५ ग्रॅम क्षार असतात. लिटरभर सांडपाण्यात सगळी घाण मिळून एक ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणूनच समुद्राचे एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर, पाणी गोडे करायला आजच्या चांगल्या यंत्रांनाही तीन ते चार युनिट वीज लागते. शुद्ध केलेले सांडपाणी आणखी गाळून अगदी स्वच्छ करायला मात्र सुमारे एक युनिट पुरते. जेथे कमी मिसळले आहे, तेथे निवडणे स्वस्त. नियम तोच!

शिवाय या कामाचा मोठा भाग जिवाणू फुकटात करतात. १९१४ साली इंग्लंडमधील मँचेस्टर येथे आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी दाखवून दिले, की सांडपाण्यात हवा सोडत राहिले आणि खाली बसलेला गाळ पुनःपुन्हा वापरला, तर त्या गाळातील जिवाणू पाण्यातील घाण झपाट्याने खाऊन टाकतात. आजही जगभरची बहुतेक मोठी केंद्रे याच तत्त्वावर चालतात. पण हे कामगार नाजूक असतात. एखाद्या कारखान्याने क्रोमियमसारखे विष गटारात सोडले, तर ते मरतात आणि सारे केंद्र ठप्प होते. थोडेसे विष लाखो लिटर पाण्यात मिसळले, की ते लाखो लिटर बिघडतात. तेच विष कारखान्याच्या आवारात हौदभर पाण्यात अडवले असते, तर ते काढणे सोपे होते.

आफ्रिकेतील नामिबिया देशाची राजधानी विंडहुक हिने हे नेमके ओळखले. तेथे पाऊस अत्यल्प आणि बारमाही नद्या शेकडो किलोमीटर दूर. म्हणून १९६८ सालापासून हे शहर सांडपाणी शुद्ध करून चक्क पिण्यासाठी वापरते. २००२ मध्ये सुरू झालेल्या नव्या केंद्राची क्षमता दिवसाला २ कोटी १० लाख लिटर आहे. ओझोन, सक्रिय कोळसा, अतिसूक्ष्म छिद्रांच्या चाळण्या आणि शेवटी क्लोरीन असे एकामागून एक अडथळे पाण्याला ओलांडावे लागतात. पण खरी युक्ती या यंत्रांच्याही आधीची आहे : तेथे कारखान्यांचे सांडपाणी वेगळ्या वाटेने नेतात, घरगुती सांडपाण्यात ते मिसळूच देत नाहीत.

आपल्याला लगेच ते पाणी प्यायला हवे असे नाही. महाराष्ट्रातले उदाहरण पाहा. नागपूरजवळच्या कोराडी औष्णिक वीजकेंद्राला यंत्रे थंड ठेवण्यासाठी अतोनात पाणी लागते. ते पूर्वी पेंच धरणातून येई. २०१० नंतरच्या दशकात भांडेवाडी येथे दिवसाला १३ कोटी लिटर क्षमतेचे केंद्र उभारले गेले आणि शुद्ध केलेले सांडपाणी वीजकेंद्राला मिळू लागले. यंत्र थंड करायला पिण्यायोग्य पाणी कशाला? जेवढे पाणी वीजकेंद्राने सांडपाण्यातून घेतले, तेवढे धरणातले पाणी माणसांसाठी आणि शेतांसाठी वाचले. जे पाणी नदी घाण करीत गेले असते, त्याचा महापालिकेला मोबदला मिळू लागला.

अशी उदाहरणे अजून थोडी आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या आकडेवारीनुसार भारतातील शहरांत दररोज सुमारे ७,२०० कोटी लिटर सांडपाणी तयार होत होते आणि त्यापैकी प्रत्यक्षात शुद्ध होत होते सुमारे २,००० कोटी लिटर. उरलेले नदी, नाले, तळी आणि समुद्र यांत. दुष्काळात ज्या देशात पाण्याचे टँकर धावतात, त्या देशाचा हा हिशेब आहे!

मर्यादा कोठे आहे?

फेरवापर हा सर्व रोगांवरचा रामबाण उपाय आहे, असे मात्र समजू नका. त्यालाही ऊर्जा लागते. सोड्याची बाटली फोडून, वितळवून नवी करण्यापेक्षा तीच धुऊन पुन्हा भरणे केव्हाही चांगले. आणि नको असलेली वस्तू मुळात विकतच न घेणे त्याहून चांगले. मूठभर पातळ पिशव्या शेकडो किलोमीटर वाहून नेण्यात जेवढे डिझेल जळेल, तेवढ्या मोलाचा माल त्यांतून निघेलच असे नाही. म्हणून “सर्व गोष्टींचा फेरवापर करा” एवढी घोषणा पुरेशी नाही. कोणती वस्तू, कोठे वेगळी केली आणि किती दूर नेली, हा हिशेब प्रत्येक वेळी मांडायलाच हवा.

तो हिशेब तुम्हीही मांडू शकता. एक आठवडाभर वर्गात दोन खोकी ठेवा, एक कोऱ्या-लिहिलेल्या कागदांसाठी आणि दुसरे डब्यातल्या उरल्यासुरल्या अन्नासाठी. अन्नाचे खोके मात्र रोज संध्याकाळी वजन करून झाडाखालच्या खड्ड्यात रिकामे करा आणि वर माती लोटा. आठवड्याअखेर कागद तोला, रद्दीवाल्याला भाव विचारा. मग शाळेच्या मोठ्या कचरापेटीतील भिजलेल्या कागदाला तो किती भाव देतो, तेही विचारा. या दोन उत्तरांतील फरक म्हणजेच मिसळण्याची किंमत. शाळेच्या प्रत्येक वर्गाने दर आठवड्याला किती रुपये मिसळून टाकले, हा आकडा फलकावर लिहा आणि मुख्याध्यापकांना दाखवा. एखाद्या घोषणेपेक्षा तो आकडा अधिक काम करील, अशी माझी खात्री आहे.