कंपवाताचा रुग्ण आणि प्रवासाची अनुज्ञा

कंपवाताने ग्रस्त पतीस पुण्याला लेकीकडे नेऊ का, असे पत्नीने विचारताच आपण वैद्यमंडळी वातप्रकोपाचे हेतू सांगू लागतो : अध्वगमन, रात्रिजागरण, वेगधारण. शास्त्रदृष्ट्या ते खरेच. परंतु नागपूर-पुणे हा रात्रभराचा प्रवास नाकारला म्हणजे ती माउलीही घरातच अडकते, याचे भान आपणास राहत नाही. पुण्याचे पार्किन्सन्स मित्रमंडळ तर रुग्ण व त्यांचे सहचर यांच्या सहली काढते!

खरी काळजी औषधांची हवी. कवचबीजात लेव्होडोपा असते, हे १९३७ मध्येच प्रसिद्ध झाले. बहुतेक रुग्ण तेच द्रव्य गोळीरूपाने घेत असतात. त्यात प्रवासात शक्ती राहावी म्हणून कवचबीजचूर्णाची डबी सोबत दिली, की मात्रा नकळत वाढते; मळमळ, उठताना भोवळ, अनैच्छिक हालचाली, प्रसंगी भ्रमही होतो. म्हणून औषधालयचालकांनी चूर्ण देण्यापूर्वी चालू गोळ्यांची चौकशी केलीच पाहिजे. उलटपक्षी, गोळीची वेळ चुकली तर फलाटावर उतरणेही दुष्कर होते, आणि ती एकाएकी बंद करणे धोक्याचे. दूध-पनीरासारख्या प्रथिनयुक्त आहारासोबत घेतल्यास तिचा गुण उणावतो.

तेव्हा गोळ्यांच्या वेळा कागदावर लिहून द्याव्यात, गोळ्या हातातल्या पिशवीतच ठेवावयास सांगाव्यात. शौचालयाच्या धास्तीने रुग्ण पाणी टाळतो व मलावरोध वाढवून घेतो, हेही सांगावे. आणि गाडीत तिला स्वतःला झोप कशी मिळणार, हे एकदा तरी विचारावे.