डिह्युमिडिफायर घ्यायचा का? ओल्या घराचा हिशेब आधी करा

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. माजलगाव धरणातून सिंदफणेत पाणी सोडावं लागलं, बीड जिल्ह्यात शेतं वाहून गेली, घरांत पाणी शिरलं. पाणी ओसरलं तरी ओल भिंतींत राहते. मी मूळचा तेलगावचा, काम सॉफ्टवेअरचं. त्यामुळे गावाकडून मोबाईलवर एक प्रश्न हमखास येतो: "ऑनलाईन ते दीड-दोन हजाराचं ओल ओढणारं मशीन दिसतंय, घेऊ का?"

उत्तर एका शब्दात देता येत नाही. आकडे बघू.

हवेत पाणी असतं तरी किती?

आर्द्रता ८५ टक्के म्हणजे हवेत ८५ टक्के पाणी नव्हे. त्या तापमानाला हवा जास्तीत जास्त जेवढी वाफ धरू शकते, त्याच्या ८५ टक्के वाफ सध्या हवेत आहे, एवढाच त्याचा अर्थ. २८ अंशांना एक घनमीटर हवा साधारण २७ ग्रॅम वाफ धरते. १० बाय १२ ची, १० फूट उंच खोली घ्या. तिथे हवा भरते ३४ घनमीटर. आर्द्रता ८५ वरून ५५ टक्क्यांवर आणायची तर हवेतून काढायचं पाणी फक्त पाव लिटरच्या आसपास आहे.

मग सोपंच आहे की! नाही. खिडकी उघडी असेल तर बाहेरची दमट हवा आत येतच राहते. ओली भिंत, ओल्या गाद्या, घरात वाळत घातलेले कपडे, स्वयंपाकाची वाफ हे सगळं हवेत पाणी सोडत राहतं. खरी लढाई या साठ्याशी आहे.

दोन मशीन, दोन वेगळ्या गोष्टी

स्वस्त 'मिनी' मशीनमध्ये कॉम्प्रेसर नसतो. त्यात पेल्टिअर नावाची छोटी चिप असते. वीज दिली की तिची एक बाजू गार होते आणि त्यावर दव जमतं. जाहिरातीत बहुतेक वेळा दिवसाला २५० ते ४०० मिली लिहिलेलं असतं, तेही ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला. कपाटाला ठीक, खोलीला नाही.

कॉम्प्रेसरचं मशीन म्हणजे आतून फ्रीजच. '१२ लिटर' लिहिलेलं असतं, पण तो आकडाही त्याच दमट परिस्थितीतला. हवा कोरडी होत गेली की तो निम्म्यावर येतो असं धरा. २५० वॉटचं मशीन २४ तास चाललं तर रोज ६ युनिट, महिन्याला १८० युनिट. ज्यांचं बिल १०० युनिटच्या आत असतं, त्यांचा महावितरणचा स्लॅबच बदलतो. शिवाय मशीन खोली गरम करतं आणि लाईट गेली की बंद.

सोयाबीनच्या पोत्यांना चालेल का?

हा आपल्याकडचा खरा प्रश्न. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. २०२४ च्या हंगामापुरती केंद्राने ती १५ पर्यंत वाढवली होती, म्हणजे हे तीन टक्के किती महाग पडतात ते कळतं. समजा १० क्विंटल सोयाबीन १५ टक्क्यांवर आहे. ते १२ वर आणायला ३४ लिटर पाणी काढावं लागेल. दिवसाला २५० मिलीचं मशीन त्याला साडेचार महिने घेईल. मोठं मशीन रोज ६ लिटर ओढेल असं धरलं तर कागदावर सहा दिवस, ३६ युनिट. पण थप्पीतल्या आतल्या पोत्यांपर्यंत हवा पोचतच नाही. ताडपत्रीवर पातळ पसरून दोन-तीन दिवस ऊन दाखवणं आजही जास्त भरवशाचं.

मग करायचं काय?

पहिलं, मोजा. मोबाईलच्या हवामान ॲपमधला आकडा बाहेरचा असतो, तुमच्या खोलीचा नाही. बहुतेक फोनमध्ये आर्द्रतेचा सेन्सरच नसतो. काहीशे रुपयांचा छोटा आर्द्रतामापक घ्या. अमेरिकेची पर्यावरण संस्था घरातली आर्द्रता ६० टक्क्यांखाली ठेवायला सांगते. त्यावर सतत राहिली तर बुरशीला आयतं रान मिळतं.

दुसरं, पाऊस उघडला आणि ऊन पडलं की दुपारी खिडक्या-दारं समोरासमोर उघडा, पंखा बाहेरच्या दिशेने लावा. सकाळच्या धुक्यात आणि पावसात बंद ठेवा. कूलर लावू नका. तो पाणी वाफवूनच गारवा देतो, म्हणजे ओल वाढवतो. भिंत पूर्ण सुकल्याशिवाय पुट्टी-रंग करू नका, पोपडे निघतील.

तिसरं, गळती शोधा. छत किंवा पाईप गळत असेल तर मशीन जन्मभर पाणी ओढत बसेल.

एवढं करूनही बंद खोलीत आकडा ६५-७० च्या खाली येत नसेल, घरात दम्याचा पेशंट किंवा तान्हं बाळ असेल, तर कॉम्प्रेसरचं मशीन घेण्यात अर्थ आहे. घेताना दोनच आकडे विचारा: दिवसाला किती लिटर आणि किती वॉट. आणि आपल्याकडे उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी असते की ते मशीन सात-आठ महिने माळ्यावरच पडून राहील, हेही हिशेबात धरा. शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून एक घेतलं तर ते जास्त परवडेल.