पडद्यावरील अंगुलिनिर्देश

अनोळखी वाटसरूस वाटेचें वर्णन ऐकविणें निराळें आणि वळणावर उभें राहून बोट दाखविणें निराळें. शेतकऱ्याच्या हातीं मोबाइल देऊन त्याच्याकडून दप्तराच्या नोंदी करविण्याचा जो उपक्रम आज चालू आहे, त्यांत वर्णनाची रेलचेल आहे. पुस्तिका आहेत, व्हिडिओही आहेत; उणीव आहे ती ऐन अडचणीच्या क्षणीं त्याच पडद्यावर उमटणाऱ्या खुणेची.

१५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रांत ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि तलाठ्याकडे असलेलें पीकनोंदीचें काम शेतकऱ्याकडे आलें. तत्त्व स्तुत्यच आहे. पण वरूडचा संत्रा बागायतदार घ्या. कोवळ्या झाडांच्या ओळींमध्यें त्याची कपाशी किंवा तूर उभी असते. मुख्य पीक कोणतें, आंतरपीक कोणतें, क्षेत्र कशाचें किती? फळपीक विम्यांत तर संत्र्याचे मृग आणि आंबिया हे दोन बहार वेगवेगळे धरतात. आपली बाग तो आपणां सर्वांहून अधिक जाणतो; त्या बागेस कोणता रकाना लागू पडतो, एवढेंच त्यास सांगावयाचें असतें.

यावर कोणी म्हणतात कीं, बाण आणि वर्तुळें हें केवळ रंगकाम. तें शेवटीं उरकतां येईल. हें मत आम्हांस साफ अमान्य आहे. १९९४ सालीं ॲपल कंपनीनें मॅकिंटॉशच्या सिस्टिम ७.५ बरोबर ‘ॲपल गाइड’ नांवाची साहाय्यव्यवस्था दिली होती. ती वापरणाऱ्याच्या प्रश्नापासून आरंभ करी, दाबावयाच्या जागेभोंवतीं लाल वर्तुळ काढी आणि आधींच पुरी झालेली पायरी गाळूं शके. खूण कोठें आणि केव्हां उमटावी, हें संहितेंत आगाऊ लिहून ठेवावें लागे. वाचणारा कोठें अडखळेल हें ओळखून लिहिणें हें लेखकाचेंच काम नव्हे काय? आजची रीत याच्या उलट आहे. ॲप प्रथम उघडतांच चारपांच फुगे एकामागून एक येतात, माणूस ‘पुढें, पुढें’ दाबून सुटका करून घेतो, आणि खरें काम पडतें तेव्हां फुगे नाहींसे झालेले असतात.

दुसरे म्हणतात, ‘सेवा केंद्रांतला मुलगा भरून देईल.’ देईल खरा. पण मग तलाठ्याच्या हातून निघालेली लेखणी शेतकऱ्याच्या हातीं न येतां तिसऱ्याच्याच हातीं जाते. चूक झाली तर नुकसान मात्र शेतकऱ्याचें.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. ही संहिता मुळांत मराठींतच लिहावी, इंग्रजीवरून उतरवूं नये. ती वरूडसारख्या ठिकाणीं, बागेंत, बागायतदाराच्याच हातून पारखून घ्यावी. ॲपची नवी आवृत्ति निघतांना संहिताही तपासावी; बटण हललें आणि बाण जागींच राहिला, तर असा बाण नसलेलाच बरा. आमच्या सुशिक्षित वाचकांस हा विषय साहित्याबाहेरचा वाटेल. परंतु ज्या पांच शब्दांवर एखाद्या कुटुंबाच्या सातबाऱ्याची नोंद अवलंबून असते, ते पांच शब्द नीट लिहिणें हें मराठी लिहितां येणाऱ्यांनीं आपलें काम मानावें, असें आमचें मत आहे.