पायी पाहिलेले गाव

"सेंट अँड्र्यूज दोन तासांत होते. उरलेल्या वेळात आणखी एखादे ठिकाण उरकून घे," असे एडिंबरोला राहणाऱ्या मामाने बजावले होते. मी मात्र सबंध दिवस त्या एकाच गावाला दिला, आणि तोही पायी. यात माझे काही चुकले असे मला वाटत नाही. का, ते सांगतो.

गावाला आता रेल्वे नाही. ती १९६९ साली बंद झाली. लूकर्सला उतरून बसने जावे लागते. बसमधून उतरताच सवयीप्रमाणे मी धावत सुटलो. १४१३ साली मान्यता मिळालेले, स्कॉटलंडमधले सर्वांत जुने विद्यापीठ पाहिले, समुद्रकाठचा पडका किल्ला पाहिला, फोटो काढले. अकरा वाजता सारे 'पाहून झाले'! आता काय करायचे? तेव्हा कुठे मी खऱ्या अर्थाने चालू लागलो.

पूर्वेच्या टोकाला कॅथीड्रलचे अवशेष आहेत. ११५८ साली काम सुरू झाले आणि १३१८ साली राजा रॉबर्ट ब्रूसच्या उपस्थितीत ते अर्पण झाले. एकशे साठ वर्षे! पुढे १५५९ साली धर्मसुधारणेच्या लाटेत जमावाने ते लुटले आणि मग त्याचे दगड लोकांनी घरांसाठी नेले. आज काही भिंती आहेत, थडगी आहेत आणि मध्ये हिरवळ. परतताना जुन्या घरांच्या भिंतींकडे मी निराळ्याच नजरेने पाहत होतो. कॅथीड्रल नाहीसे झालेले नाही. ते गावभर पांगले आहे.

दुपारी सेंट साल्व्हेटर चॅपलसमोर एका विद्यार्थ्याने मला हात धरून बाजूला ओढले. पायांखालच्या फरसबंदीत 'पी. एच.' ही अक्षरे होती. त्यांवर पाय पडला की परीक्षेत नापास, अशी तिथे समजूत! यावर उताराही आहे : १ मेच्या पहाटे थंडगार समुद्रात बुडी मारायची. मी हसलो. मग अक्षरे कोणाची, असे विचारले. पॅट्रिक हॅमिल्टन. ल्यूथरची मते मांडली म्हणून १५२८ साली, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, त्याला तिथेच जिवंत जाळले. सकाळी घाईत मी त्याच अक्षरांवरून दोनदा गेलो होतो.

मित्रहो, अंधश्रद्धेचा मी कैवारी नाही. पण मतासाठी जळालेल्या तरुणाला आज शेकडो विद्यार्थी रोज वळसा घालतात, तेव्हा एवढे स्मरण कोणत्या पुतळ्याच्या वाट्याला येते? आपल्या सहलींत एका दिवसात तीन किल्ले होतात. बसची शिट्टी वाजते, आपण धावतो. आपल्या पायांखाली कोणती अक्षरे येतात, कोण जाणे! पुढच्या वर्षी सहल एकाच गावाची काढावी आणि ती पायी करावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

माझा निकाल मात्र अजून लागायचा आहे.