बाजार कोणाचा, दस्तुरी कोणावर?

कल्याणच्या कृषि उत्पन्न बाजार समितीच्या आवारात आडत कोणी द्यावयाची, हा वाद जुना आहे. ती वर्षानुवर्षे शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जात असे. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे व भाजीपाला यांवरील आडतीचा भार खरेदीदारावर टाकला, तेव्हा व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले. त्या निर्णयाचे गुणदोष आज उगाळावयाचे नाहीत. विकणारा आणि घेणारा यांपैकी भुर्दंड कोणी सोसावयाचा, हा प्रश्न तेथे चव्हाट्यावर आला व त्याचे उत्तर सरकारला द्यावे लागले, हे मात्र ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

वागळे वसाहतीतील आणि डोंबिवलीतील लहान कारखानदारांपुढे आज तोच प्रश्न आहे. फरक इतकाच की, त्यांचा बाजार संगणकाच्या पडद्यावर भरतो आणि दस्तुरीचा दर बाजाराचा मालक ठरवितो. १९९६ मध्ये निघालेल्या इंडियामार्टची रीत पाहा. खरेदीदाराला सारे विनामूल्य. विक्रेत्यालाही नुसती नोंद फुकट करता येते. परंतु अग्रभागी झळकावयाचे व अधिक चौकश्या मिळवावयाच्या, तर वर्गणी भरावी लागते. मालक खरेदीदाराकडून काही घेत नाही ते औदार्याने नव्हे. गिऱ्हाईक जमले नाही तर दुकानदार गाळा कशाला घेईल, हा त्यामागील साधा हिशेब आहे, आणि तो चूकही नाही. पण आडत सौदा झाल्यावर कापली जाते; वर्गणी सौद्याच्या आशेवरच आगाऊ द्यावी लागते. मंदीच्या वर्षी हा भेद लहान कारखानदाराला फार जाचतो.

म्हणून ‘जेम’ या सरकारी खरेदीच्या बाजाराकडे पाहणे अगत्याचे आहे. तेथे दस्तुरी मागणी पक्की झाल्यावर विक्रेत्याकडून घेतली जाते, आणि तिचे दर जाहीर असतात. ऑगस्ट २०२४ मध्ये ते कमी करण्यात आले. दहा लाखांपर्यंतच्या मागणीवर आकार नाही. दहा लाख ते दहा कोटींपर्यंत ०.३० टक्के, जो पूर्वी ०.४५ टक्के होता. त्यापुढे सरसकट तीन लाख रुपये. धाकट्या विक्रेत्याला मिळालेली सूट स्वागतार्ह आहे. परंतु वरच्या टोकाचा हिशेब करून पाहावा. वीस लाखांचा माल पुरविणारा ठाण्याचा कारखानदार सहा हजार देतो, म्हणजे शेकडा तीस पैसे. शंभर कोटींचा पुरवठादार तीन लाख देतो, म्हणजे शेकडा तीन पैसे! मोठ्या मागणीची नोंद ठेवण्यास शंभरपट खर्च येत नाही, हे आम्हांस मान्य आहे. तरीही मधल्या थराने दसपट दर सोसावा, याला ते कारण पुरत नाही. शिवाय ही रक्कम विक्रेता शेवटी किमतीतच मिळविणार, तेव्हा ती अंती सरकारी तिजोरीतूनच जाणार.

ठाण्याच्या लघुउद्योजक संघटनेने व डोंबिवलीच्या ‘कामा’ने हा प्रश्न एकत्र येऊन हाती घ्यावा. एकट्या कारखानदाराला वर्गणीच्या कागदावर सही करण्यावाचून गत्यंतर नसते. शेकडो सभासदांच्या वतीने बोलणाऱ्या संस्थेला मात्र घासाघीस करता येते. दरवाढीची सूचना निदान सहा महिने आधी मिळावी आणि वर्गणीचा काही भाग तरी प्रत्यक्ष सौद्यांशी जोडलेला असावा, एवढे त्यांनी खासगी बाजारांकडे मागावे. आणि ‘जेम’च्या चालकांकडे दहा कोटींवरील सवलतीचा फेरविचार मागावा.