थोडक्यात निभावणारे रोप

आल्प्स पर्वताच्या उघड्या कड्यांवर, जेथे ओंजळभरही माती नसते, तेथे खडकाच्या भेगेत कमळाच्या आकाराचे मांसल पर्णगुच्छ दृष्टीस पडतात. या वनस्पतीचे नाव सेम्परव्हिव्हम. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ ‘सदैव जिवंत’. युरोपात दगड रचून जी शिलोद्याने करतात, त्यांत तिला मानाचे स्थान आहे. सुमारे 1200 वर्षांपूर्वी सम्राट शार्लमेनच्या काळातील आज्ञापत्रात माळ्याने हे रोप आपल्या घरावर लावावे, असे कलम आढळते. त्यामुळे घरावर वीज पडत नाही, अशी लोकसमजूत होती.

या रोपाचा जमाखर्च पाहण्यासारखा आहे. पाण्याची शिल्लक पानांत साठविलेली असते. कोरड्या दिवसांत ते पानांवरील सूक्ष्म छिद्रे दिवसा मिटून घेते आणि रात्रीच्या गारव्यात उघडते. त्यामुळे बाष्परूपाने होणारा व्यय अल्प राहतो. उणे 20 अंश सेल्सिअसची थंडीही ते सोसते. त्याचा घात होतो तो मुळाशी साचलेल्या पाण्याने.

म्हणून लागवडीत पहिला विचार निचऱ्याचा करावा. निम्मी माती व निम्मी बारीक खडी असे मिश्रण घ्यावे. जागा उताराची व भरपूर उन्हाची असावी. दोन दगडांच्या फटीत रोप बसवून मानेभोवती खडीचा थर द्यावा. मुळे धरेपर्यंत बेताने पाणी द्यावे, पुढे हात आखडता ठेवावा. खताची गरज जवळजवळ नसते.

काही वर्षांनी एखाद्या गुच्छातून उंच दांडा निघून गुलाबी फुले येतात आणि फुलोऱ्यानंतर तो गुच्छ सुकतो. नवख्यास वाटते, रोप गेले. परंतु तत्पूर्वीच त्याने आडव्या देठांवर चहूबाजूंनी पिल्ले सोडलेली असतात. सुकलेला गुच्छ काढून टाकावा. मोकळी जागा पिल्लेच भरून काढतात. हवी तर ती वेगळी करून अन्यत्र लावावीत.

आपल्या दमट उष्म्यात व पावसाळ्याच्या झडीत हे रोप सहसा कुजते. त्याचा अट्टाहास येथे करू नये. युरोपात स्थायिक झालेल्या मुला-नातवंडांनी मात्र अंगणात ते अवश्य लावावे. वडिलधाऱ्यांनी तेथे मुक्कामास गेल्यावर मायेपोटी रोज झारी हाती घेण्याचा मोह तेवढा आवरावा.