फेडलेल्या ऋणाची पुण्याई

हिवाळ्यात फिनलंडची बंदरे गोठतात. बर्फ फोडणारी जहाजे नसतील तर तेथील व्यापारच थांबेल. युद्धानंतर सोव्हिएत रशियाला ३० कोटी डॉलरांची भरपाई मालरूपाने देण्याचे ओझे या लहान देशावर पडले. तीत जहाजांचा व यंत्रांचा वाटा मोठा होता. ते न्याय्य होते काय, हा वाद निराळा. गोद्या वाढवून, कारागीर घडवून त्याने १९५२ साली सर्व देणे चुकते केले. १९५४ साली त्याच धनकोने हेलसिंकीच्या गोदीतून 'कापितान बेलौसोव' हे बर्फफोडे जहाज घेतले. पुढे अशी अनेक घेतली. धनको गिऱ्हाईक झाला!

देणे बुडवून तडजोड करण्यात चातुर्य मानणाऱ्या आमच्या तरुण बंधूंनी हे ध्यानी घ्यावे. अचौर्यव्रत केवळ मंदिरापुरते नव्हे. ते पेढीवरही पाळावयाचे असते, आणि पत त्यातूनच वाढते, असे आम्हांस वाटते.